सॉर्टेज ए ची रचना कशी वाचावी: पिंप एकदा पाहा, काठ पुन्हा पुन्हा पाहा

केसतूड किंवा गळू झालं की त्यामागे बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जीवाणू असतो. त्याच्या अंगावर प्रथिनांची दाट लव असते. काही प्रथिनं आपल्या ऊतींना चिकटतात. ‘प्रोटीन ए’ नावाचं एक तर आपल्या प्रतिपिंडांना शेपटाकडून धरतं, म्हणजे ज्या टोकाने प्रतिपिंडाने पांढऱ्या पेशींना हाक मारायची तेच टोक अडकून बसतं. ही प्रथिनं पेशीभित्तिकेवर नुसती चिकटलेली नसतात, ती रासायनिक बंधाने शिवलेली असतात. शिवण घालणारा विकर (एन्झाइम) म्हणजे सॉर्टेज ए. ओलाफ श्नीविंड यांच्या गटाने तो १९९९ मध्ये ओळखला.

एम.एस्सी.च्या मुलांना प्रथिनांची रचना शिकवताना मी गेली काही वर्षं हेच उदाहरण घेतो. विकर लहान आहे, रचना मोफत मिळतात, आणि नवशिक्याला पडायला खड्डेही भरपूर आहेत. या लेखात एकेक पायरी करत तो बघू. संगणकावर काही बसवायची गरज नाही. प्रोटीन डेटा बँक म्हणजे प्रथिनांच्या रचनांचा खुला संग्रह. तिच्या संकेतस्थळावरचा मोलस्टार हा दर्शक ब्राउझरमध्येच चालतो. मोबाइलवर मात्र हे करायला जाऊ नका, अणू निवडताना बोटाखाली चारपाच अणू एकदम येतात.

पायरी १: पडद्याआधी कागद

पहिल्याच तासाला मुलं रंगीत फिती गरगर फिरवत बसतात आणि तासाभराने ‘छान दिसतंय’ एवढंच सांगतात. म्हणून आधी वहीत विकराचं काम लिहून काढा.

भित्तिकेवर जायच्या प्रथिनाच्या मागच्या टोकाला एक खूण असते: ल्युसीन, प्रोलीन, कोणतंही एक अमिनो आम्ल, थ्रिओनीन, ग्लायसीन. एकाक्षरी भाषेत एलपीएक्सटीजी. तिच्यामागे पाणी टाळणाऱ्या अमिनो आम्लांचा पट्टा आणि शेवटी धनभारित शेपूट. या पट्ट्यामुळे प्रथिन पेशीपटलात अडकून राहतं आणि तिथेच उभ्या असलेल्या सॉर्टेजच्या हाती लागतं. सॉर्टेजचं १८४ वं सिस्टीन थ्रिओनीन आणि ग्लायसीन यांच्यामधला बंध तोडतं. तोडलेलं प्रथिन काही काळ त्याच सिस्टीनच्या गंधकाला थायोएस्टर बंधाने लटकतं. मग लिपिड-दोन, म्हणजे भित्तिकेची न रचलेली वीट, आपला पाच ग्लायसीनांचा हात पुढे करते आणि प्रथिन त्या हातावर जातं. वीट भिंतीत बसली की प्रथिनही तिच्याबरोबर बसतं.

यातून दोन प्रश्न निघतात. खूण कुठे बसते? आणि दुसरा पाहुणा, पाच ग्लायसीनांचा हात, कुठून येतो? पुढची सगळी शोधाशोध या दोन प्रश्नांसाठी आहे. वहीत ते मोठ्या अक्षरात लिहा.

आता अमिनो आम्लांची क्रमवारी घ्या. पूर्ण प्रथिन २०६ अमिनो आम्लांचं आहे. सुरुवातीच्या भागात पेशीपटलात रोवलेला पट्टा आहे. प्रयोगशाळेत हा पट्टा असला की प्रथिन पाण्यात नीट विरघळत नाही. म्हणून पहिली ५९ अमिनो आम्लं छाटून उरलेला तुकडा वापरतात आणि बहुतेक रचना याच तुकड्याच्या आहेत. तुम्ही पडद्यावर पाहणार आहात तो खुंटीवरून काढलेला विकर आहे, हे विसरू नका. क्रमवारीत ‘टीएलआयटीसी’ ही पाच अक्षरं शोधून अधोरेखित करा. शेवटचा ‘सी’ म्हणजे १८४ वं सिस्टीन. पुढे एखाद्या नोंदीत क्रमांक वेगळे वाटले, तर या पाच अक्षरांवरून वाट सापडते.

पायरी २: नोंदी निवडा

तीन नोंदी पुरतात. नावं इथे देवनागरीत देतो आहे. शोधपेटीत टाकताना अर्थातच रोमन अक्षरं आणि इंग्रजी आकडे टाका.

१टी२पी ही रिकाम्या विकराची स्फटिकरचना, विभेदन (रचना किती बारकाईने दिसते त्याचा आकडा, लहान तितका चांगला) २ अँगस्ट्रॉम, म्हणजे मीटरच्या एक अब्जांशाचा पाचवा भाग. १टी२डब्ल्यू ही एलपीईटीजी या तुकड्यासह असलेली स्फटिकरचना, विभेदन १.८ अँगस्ट्रॉम. दोन्ही २००४ सालच्या, अलाबामातल्या बर्मिंगहॅम इथल्या स्थानम नारायण यांच्या गटाच्या. तिसरी २केआयडी ही चुंबकीय अनुस्पंदनाने, म्हणजे एनएमआरने, द्रावणात काढलेली. ती २००९ मध्ये लॉस एंजेलिसच्या रॉबर्ट क्लब यांच्या गटाने प्रसिद्ध केली. याच गटाने सॉर्टेजची पहिली रचना २००१ मध्ये काढली होती, तिचा क्रमांक १आयजेए. इतिहासाची हौस असेल तर तीही उघडा.

विभेदनाचा आकडा पाहून लगेच १टी२डब्ल्यू ‘सर्वात चांगली’ ठरवू नका. का ते पाचव्या पायरीत येईल.

पायरी ३: पिंप

१टी२पी उघडा. पडद्यावर एकाहून जास्त साखळ्या दिसतील. स्फटिकाच्या एका घटकात विकराच्या अनेक प्रती बसतात, म्हणून सॉर्टेज अशाच जोड्यांनी काम करतो असा अर्थ काढायचा नाही. उजवीकडच्या घटकांच्या यादीतून एक साखळी ठेवा, बाकीच्या लपवा.

उरलेल्या साखळीत आठ बीटा पट्ट्या (साखळीचे सरळ ताणलेले भाग, दर्शकात बाणांसारखे दिसतात) मिळून एक पिंप झालेलं दिसेल. लाकडी फळ्यांचं जुनं पिंप आठवा, फळ्या जरा तिरक्या लावलेल्या. भोवती दोन-तीन लहान मळसूत्रं (हेलिक्स). पट्ट्या मोजा, त्यांना एक ते आठ क्रमांक द्या आणि वहीत कच्चं चित्र काढा. पहिल्या खेपेला जमणार नाही, पट्ट्या एकमेकींना ओलांडून जातात. तरी काढाच, कारण पुढची बोलणी ‘सहा-सात लूप’, ‘सात-आठ लूप’ अशीच होणार आहेत. सहा-सात लूप म्हणजे सहाव्या पट्टीतून सातव्या पट्टीकडे जाणारा दुवा.

पिंपावर एवढा वेळ पुरे. सॉर्टेज घराण्यातल्या जवळजवळ सगळ्या विकरांचं पिंप सारखंच असतं. फरक काठावरच्या दुव्यांमध्ये असतो.

पायरी ४: तिघं जण आणि त्यांच्यातलं अंतर

वरच्या क्रमवारीच्या पट्टीत १२०, १८४ आणि १९७ हे क्रमांक शोधून एकेक करून टिचकी मारा: हिस्टिडीन, सिस्टीन, आर्जिनीन. सिस्टीन सातव्या पट्टीच्या शेवटाला, आर्जिनीन आठवीवर, हिस्टिडीन चौथी संपते तिथे जवळच. क्रमवारीत एकमेकांपासून लांब असलेले तिघं जण इथे एका खळग्याच्या तोंडाशी येतात. सॉर्टेजच्या इतर भाऊबंदांतही हेच तिघं सापडतात, क्रमांक तेवढे वेगळे.

आता मोजमाप. निवडीचा बाण चालू करा, नेमकेपणाची पातळी ‘अमिनो आम्ल’वरून ‘अणू’वर आणा (इथे सगळे विसरतात). मग सिस्टीनचा गंधक आणि हिस्टिडीनच्या वलयातला जवळचा नायट्रोजन निवडून मोजमापातलं ‘अंतर’ दाबा. आकडा वहीत लिहा. मग लपवलेल्या साखळ्या परत आणून त्यांच्यातही तेच मोजा.

पपईतल्या पपेनचा धडा ज्यांनी वाचलाय, त्यांना इथे ठेच लागते. पपेनमध्ये सिस्टीन आणि हिस्टिडीन अगदी खेटून असतात, गंधकावरचा प्रोटॉन हिस्टिडीनकडे गेलेला असतो आणि ऋण-धन अशी जोडी तयार उभी असते. सॉर्टेजच्या रिकाम्या रचनेत मात्र हे अंतर साडेतीन अँगस्ट्रॉमच्या बरंच वर भरतं, हायड्रोजन बंधाच्या आवाक्याबाहेर. मोजणी चुकली असं समजून मुलं तीनतीनदा मोजतात. चूक नसते.

रासायनिक मोजमापांनीही हेच दाखवलं. या सिस्टीनचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्म्या रेणूंवरचा प्रोटॉन सुटतो तो आकडा, साधारण ९.४ आहे, हिस्टिडीनचा ७ च्या आसपास. म्हणजे शरीराच्या पीएचला बहुतेक रेणूंमध्ये सिस्टीनवर प्रोटॉन आहे आणि हिस्टिडीनवर नाही. कामाला हवं ते नेमकं याच्या उलट. २००५ मधल्या एका अभ्यासाने हिशेब मांडला की कोणत्याही क्षणी जेमतेम ०.०६ टक्के रेणू कामाच्या अवस्थेत असतात. हजारातले एकही पुरते नाहीत! सॉर्टेज संथ का, याचं मोठं उत्तर इथे आहे. तिसऱ्या गड्याबद्दल, आर्जिनीनबद्दल, बरीच वर्षं वाद होता. कुणी म्हणे तो सिस्टीनला मदत करतो, कुणी म्हणे तो येणाऱ्या खुणेला धरतो आणि अभिक्रियेतल्या ऋणभारित ऑक्सिजनला आधार देतो. मला दुसरं मत पटतं. का ते सहाव्या पायरीत स्वतः पाहा.

पायरी ५: एक सापळा, मुद्दाम पाऊल टाका

१टी२डब्ल्यू उघडा आणि १८४ वर टिचकी मारा. सिस्टीन नाही! तिथे ॲलनीन आहे. खूण तोडली जाऊ नये म्हणून संशोधकांनी गंधकच काढून टाकला होता. पहिल्या वर्षी मी स्वतः फळ्यासमोर उभा राहून या नोंदीत गंधक शोधत होतो, शेवटी मागच्या बाकावरच्या मुलीने नोंदीचं शीर्षक मोठ्याने वाचून दाखवलं. तेव्हापासून शीर्षक आणि बदललेल्या अमिनो आम्लांची नोंद वाचल्याशिवाय मी अंतर मोजत नाही.

आता तो पाच अमिनो आम्लांचा तुकडा शोधा. तुटणारा बंध, थ्रिओनीन-ग्लायसीनमधला, १८४ पासून किती दूर आहे ते ॲलनीनच्या बीटा कार्बनपासून मोजा. मग स्वतःला विचारा: इथे खरा सिस्टीन असता, तर तो या बंधावर हल्ला करू शकला असता का? तुकड्यातलं ल्युसीन आणि प्रोलीन भिंतीशी घट्ट बसलंय, की उघड्यावर आहे? एलपीएक्सटीजीमध्ये ल्युसीन आणि प्रोलीन बदलले तर विकर खूण ओळखतच नाही. मग रचनेत त्या दोघांची बडदास्त ठेवलेली दिसायला हवी. इथे ती तशी दिसत नाही. पुढे क्लब यांच्या गटाने हेच बोट ठेवलं: स्फटिकातला तुकडा बहुधा कामाच्या पद्धतीने बसलेला नाही. विभेदन चांगलं म्हणजे अणूंच्या जागा नेमक्या कळल्या. त्या जागा कामाच्या क्षणाच्या आहेत की नाहीत, हे विभेदन सांगत नाही.

पायरी ६: भरलेला विकर

२केआयडीमध्ये संशोधकांनी हुशारी केली. खुणेसारखाच एक रेणू बनवला, त्यातल्या थ्रिओनीनच्या जागी गंधक असलेला पर्याय घातला, आणि तो १८४ व्या सिस्टीनशी डायसल्फाइड, म्हणजे गंधक-गंधक, बंधाने जोडला. थायोएस्टर काही क्षणच टिकतो, हा बंध टिकतो. म्हणजे सिस्टीनला लटकलेल्या प्रथिनाची ही थांबवून ठेवलेली नक्कल. नक्कलच आहे, खरा थायोएस्टर नव्हे, हे वहीत लिहून ठेवा.

नोंद उघडली की एकच रचना नव्हे, तर एकावर एक बसणाऱ्या अनेक रचनांचा जुडगा मिळतो. एनएमआरची तीच पद्धत: मोजमापांशी जुळणाऱ्या सगळ्या शक्यता देतात. दर्शकात आधी एकच मॉडेल दिसत असेल तर सगळी मॉडेलं चालू करा. जिथे धागे घट्ट जुळतात तिथे रचना पक्की, जिथे विस्कटतात तिथे एकतर तो भाग खरोखर हलतो किंवा मोजमापं कमी पडली.

मग एक मॉडेल ठेवून तुकड्यावर टिचकी मारा. पाच अँगस्ट्रॉमच्या आतले शेजारी आपोआप उजळतात. वहीत तीन गोष्टी टिपा.

ल्युसीन आणि प्रोलीन आता पाणी टाळणाऱ्या शेजाऱ्यांच्या कुशीत आहेत: व्हॅलीन १६८, ल्युसीन १६९, आयसोल्युसीन १८२ अशी मंडळी भोवती सापडतील. प्रोलीनपाशी साखळी वळते, त्यामुळे तुकडा इंग्रजी ‘एल’सारखा कोनात बसतो. प्रोलीनऐवजी दुसरं काही का चालत नाही ते इथे डोळ्यांना दिसतं.

खुणेतलं ‘कोणतंही’ अमिनो आम्ल बाहेर, पाण्याकडे तोंड करून आहे. त्याला कोणी शेजारीच नाही. म्हणून तिथे काहीही चालतं. पाठ्यपुस्तकातला ‘एक्स’ इतक्या सरळपणे उलगडलेला मी फार कमी ठिकाणी पाहिलाय.

आणि आर्जिनीन १९७: त्याची बाजूची साखळी खुणेच्या कण्यातल्या ऑक्सिजनांकडे वळलेली आहे. अंतरं मोजा आणि वादात स्वतःचं मत बनवा.

पायरी ७: दोन रचना एकावर एक

या लेखातली ही सर्वात मोलाची पायरी, बाकी वेळ कमी पडला तरी ही टाळू नका. डेटा बँकेच्याच संकेतस्थळावर दोन रचना जुळवायचं साधन आहे. त्यात १टी२पी आणि २केआयडी, दोन्हींची ‘ए’ साखळी द्या, पद्धत ताठ (रिजिड) जुळणीची ठेवा. लवचीक पद्धत घेतलीत, तर आपल्याला पाहायचा तो फरकच ती पुसून टाकेल.

पिंपं एकमेकांवर बसतील. मग नजर काठावर न्या. सहा-सात लूप रिकाम्या विकरात सैल, खुणेसह असताना आत झुकलेला. त्याचा एक भाग लहानशा मळसूत्राचा आकार घेऊन खुणेवर झाकणासारखा बसतो. सात-आठ लूपचं उलट: तो बाजूला सरकतो आणि सिस्टीनपाशी जाणारी एक नवी चर उघडी पडते. पहिल्या पायरीतला दुसरा प्रश्न आठवतोय? पाच ग्लायसीनांचा हात या चरीतून येत असावा, असं क्लब यांच्या गटाने सुचवलं.

म्हणजे पहिला पाहुणा बसल्यावर दुसऱ्यासाठी दार उघडतं. खूण नसताना दार मिटलेलं. एकट्या स्थिर चित्रात हे कधीच दिसलं नसतं.

इथे अल्फाफोल्डचं, म्हणजे नुसत्या क्रमवारीवरून रचनेचा अंदाज बांधणाऱ्या संगणकी साधनाचं, मॉडेलही आणून बसवायचा मोह होतो. बसवा. पिंप उत्तम जुळेल, पेशीपटलातला पट्टाही दिसेल. पण तो पट्टा पिंपाच्या नेमका कोणत्या बाजूला आहे, यावर विश्वास ठेवण्याआधी त्याचा त्रुटी-तक्ता, म्हणजे भागांच्या परस्पर जागांचा अंदाज किती चुकू शकतो ते दाखवणारा तक्ता, पाहा. आणि पुढच्या पायरीसाठी ते मॉडेल निरुपयोगी, कारण त्याच्या संग्रहातल्या मॉडेलांत धातूंचे आयन नसतात.

पायरी ८: कॅल्शियम

२केआयडीमध्ये एक एकटा गोळा दिसेल, तो कॅल्शियम. त्याचे शेजारी पाहा: तीन-चार लूपमधले ग्लुटामेट १०५, ग्लुटामेट १०८ आणि ॲस्पार्टेट ११२, तसंच पलीकडून ग्लुटामेट १७१. हा शेवटचा सहा-सात लूपचा आहे, आपल्या झाकणाचा. ऋणभारित चौघं जण एका धनभारित आयनाभोवती जमले की झाकण भिंतीशी बांधलं जातं आणि खुणेची जागा आधीच अर्धी घडवली जाते. कॅल्शियममुळे या विकराचा वेग साधारण आठपट होतो. कॅल्शियम सिस्टीनच्या जवळपासही नाही, तरी वेगावर एवढा परिणाम. तो लूपमार्फत होतो.

घशाच्या संसर्गातला स्ट्रेप्टोकॉकस पायोजेन्स किंवा अँथ्रॅक्सचा बॅसिलस अँथ्रासिस, यांच्या सॉर्टेज ए ला कॅल्शियम लागत नाही. ऑरियसचाच दुसरा सॉर्टेज, सॉर्टेज बी, यालाही नाही. त्याची १एनजी५ ही नोंद उघडलीत तर त्याच सहा-सात लूपमध्ये एक लांब मळसूत्र कायमचंच दिसेल. त्याची खूणही वेगळी, एनपीक्यूटीएन. काठ बदलला की गिऱ्हाईक बदलतं.

पायरी ९: स्वतःची परीक्षा

२०११ मध्ये हार्वर्डच्या डेव्हिड लिऊ यांच्या गटाने यीस्टवर सॉर्टेजचे असंख्य बदललेले नमुने वाढवून त्यांतून वेगवान निवडले. त्यांच्या एका प्रसिद्ध नमुन्यात पाच बदल आहेत आणि त्याची कार्यक्षमता मूळच्या सुमारे १४० पट आहे. बदल असे: ९४ व्या प्रोलीनचं आर्जिनीन, १६० व्या ॲस्पार्टेटचं ॲस्पॅराजीन, १६५ व्या ॲस्पार्टेटचं ॲलनीन, १९० व्या लायसीनचं ग्लुटामेट, १९६ व्या लायसीनचं थ्रिओनीन.

पुढचं वाचण्याआधी २केआयडीवर या पाचही जागा वेगळ्या रंगात रंगवा आणि कोणता बदल कोणत्या लूपवर ते लिहा.

कामकरी तिघांपैकी एकालाही हात लागलेला नाही. १६० आणि १६५ सहा-सात लूपवर, १९० आणि १९६ सात-आठ लूपवर, ९४ खुणेच्या खळग्याच्या कडेला. सगळे काठावर. प्रतिपिंडांना औषध किंवा रंगद्रव्य नेमक्या जागी जोडण्यासाठी हाच वेगवान सॉर्टेज आज प्रयोगशाळांत वापरला जातो. नंतर इतरांनी त्यात १०५ आणि १०८ हे ग्लुटामेटही बदलले, १०५ वर धनभारित लायसीन घातलं, आणि कॅल्शियमची गरजच संपवली. आठवी पायरी मन लावून केली असेल, तर हा बदल का चालला ते चित्र पाहूनच सांगता येईल.

प्रत्यक्ष प्रयोगात साधा, कॅल्शियम लागणारा सॉर्टेज वापरणार असाल तर एक सांगतो. बफर ट्रिसचा घ्या, फॉस्फेटचा नको. फॉस्फेटमध्ये कॅल्शियम साक्यासारखं खाली बसतं. शुद्धीकरणात ईडीटीए (धातूंचे आयन पकडून ठेवणारा रेणू) वापरला असेल तर तो डायलिसिसने पूर्ण काढा, नाहीतर तुम्ही घातलेलं कॅल्शियम तोच पळवतो. आणि पाच ग्लायसीनांचा हात, म्हणजे सुरुवातीला ग्लायसीन असलेला दुसरा रेणू, भरपूर घाला. तो कमी पडला तर सिस्टीनला लटकलेलं प्रथिन पाणी तोडून नेतं आणि जोडणीऐवजी नुसती कापाकापी हाती येते.